शालू, गिरजेनं बरोबरच केलं

शालू, काल तुझ्या तेरवीच्या पंगतीत सगळी माणसं एकच गोष्ट म्हणून राहिली होती. शालिनीबाई किती शांत होत्या! कधी आवाज चढला नाही, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी वाढत होते. बुंदीची परात हातात होती म्हणून गप्प राहिले. नाहीतर तिथंच सांगितलं असतं की ही बाई शांत-बिंत काही नव्हती, हिचा नवरा रात्रपाळीला होता.

जेवणं झाल्यावर इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी आले. वार्षिक अंकासाठी चार ओळी लिहून द्या म्हणाले. जन्म, शिक्षण, मुलंबाळं, मंडळाची सेवा, याच क्रमानं. मी म्हटलं, ते तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. मला जे लिहायचं ते मी लिहीन. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धवट टाकून गेलीस तू, आणि हे लोक मला सांगून राहिले की तू शांत होतीस.

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आपली दोघींची क्वार्टरं एका भिंतीची. तुझे देवरावभाऊ पोलाद कारखान्याच्या कोकओव्हनमध्ये, आमचे हे रोलिंग मिलमध्ये. दोघांची पाळी कधी जुळायची नाही. एका घरात माणूस झोपलेला असायचा तेव्हा दुसऱ्या घरात डबा भरणं चालायचं. सकाळी भोंगा झाला की रात्रपाळीवाले सायकली टेकवायचे, अंघोळ करून, खाऊन झोपायचे, आणि मग अख्ख्या लाइनीच्या बायका दुपारपर्यंत कुजबुजायच्या. भांडी हळू, नळ हळू, पोट्ट्यांना मारायचं तेही हळू. बाहेरगावचे पाहुणे आले की विचारायचे, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?

असल्या लाइनीत तू ती कादंबरी आणलीस. आर्वीहून, माहेरच्या भांड्यांच्या पेटीतून. वर जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. नाव विचारलं तर सांगायची नाहीस. "नाव सांगितलं की लोक हौ हौ म्हणतात अन् विसरतात. नाव कावून पाहिजे? बस, ऐक." म्हणून मीही इथं नाव लिहीत नाही. ज्याला पाहिजे त्यानं माझ्या दारात यावं, बसावं.

ते थंडीचे दिवस होते. मागच्या आंगणात खाटांवर जुन्या धोतरांचे तुकडे टाकून आम्ही मुंगवड्या घालत होतो. मी, समोरच्या क्वार्टरातली लता आणि कोपऱ्यावरच्या दोघी-तिघी. वड्या घालणं हाताचं काम, कान मोकळे. तू पाटावर बसलीस आणि वाचायला लागलीस. कुजबुजत. भिंतीपलीकडे देवरावभाऊ घोरत होते.

काय गाव होतं ते! नदीकाठचं, रस्ता नसलेलं, बाजाराला जायचं तर बंडी जुंपून पहाटे निघायचं. आपल्या आजीच्या काळातलं. त्यात गिरजा नावाची सुईण. तोंडाची फटकळ, हाताची गुणी. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. आणि एक दिवस भर पंचायतीत ती पाटलाला सगळ्यांसमोर खोटा म्हणते, कारण तो खोटाच असतो. झालं. गाव तिला वाळीत टाकतं. विहिरीवर पाणी नाही, कोणाच्या चुलीतला इस्तू नाही, कोणी बोलायचं नाही. एक शेळी तेवढी तिच्याशी बोलते. मी आजवर बऱ्याच जणींना हे सांगितलं आहे, पण सांगताना माझ्याकडून ते मिळमिळीत होतं. तू वाचायचीस तेव्हा वाळीत टाकलेल्या बाईच्या घरातला गार चुल्हा आम्हाला दिसायचा आणि वड्या वेड्यावाकड्या पडायच्या.

पंचायतीचा प्रसंग तू वाचलास तो दिवस मी विसरणार नाही. गिरजा तिथं बोंबलते, पाटलाच्या सात पिढ्या काढते, आणि तू ते सगळं कुजबुजत! तुझ्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे लाल, मूठ आपटायची तर मांडीवर, तीही हळू. त्यामुळे लताचं काय झालं तुला आठवतं ना? ती महिनाभर समजत होती की गिरजा हळू आवाजात बोलणारी सोज्वळ बाई आहे. मला म्हणाली, "इतक्या गरीब बाईले कावून छळते वो ते गाव?" मग तिनं स्वतः पुस्तक हातात घेतलं, 'गिरजा ओरडली' असं छापलेलं पाहिलं आणि धावत तुझ्याकडे आली. "अवं, हे तर ओरडून राहिली!" तू हसून हसून खाली बसलीस. तेही तोंडावर पदर दाबून.

लतालाच काय, सगळ्यांना ते पुस्तक कधी ना कधी हातात घ्यावंच लागायचं, कारण तुझा एक नियम होता. शेवटचं प्रकरण तू कधीच वाचून दाखवलं नाहीस. तिथं आलीस की पुस्तक मिटायचं आणि जिचा नंबर तिच्या हातात द्यायचं. "हे तुमचं तुम्ही वाचा." मी सातवी शिकलेली. लग्नानंतर माझं वाचन म्हणजे किराण्याचा पुडा सोडला की त्याचा कागद. मला राग आला होता तुझा. सगळं ताट वाढून शेवटचा घास कशाला राखून ठेवायचा? ते प्रकरण वाचायला मला कितीतरी दिवस लागले. बोट ठेवून, ओठ हलवत, पोळ्या करता करता. पण वाचलं. आणि त्यानंतर मी थांबले नाही, हे तुला माहीत आहे. मंडळाच्या कपाटातलं एक पुस्तक सोडलं नाही. आज हे पानभर लिहून राहिली आहे ती कोणाच्या जिवावर? हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरे वो, चहा ठेव. म्हणून आता म्हणते. चहा काही ठेवत नाही.

तर शेवट. पाटलाचीच सून अडते. दोन दिवस झाले, पोर आडवं. दुसरी सुईण नाही, नदीला पूर. आणि पाटील स्वतः, पागोटं हातात घेऊन, गिरजेच्या आंगणात येऊन उभा राहतो. गिरजा उठते. जाते. सून सोडवते, पोर रडतं. पाटलीणबाई लुगडं-चोळी पुढं करते, गिरजा हात लावत नाही. घरी येते, हातपाय धुते, शेळीची दोरी सोडते आणि उजाडायच्या आत गाव सोडून निघून जाते. मागं वळून पाहत नाही. संपलं.

मला ते इतकं आवडलं शालू, की मी पुस्तक छातीशी धरून बसले होते. तुझ्याकडे आले तर तू काय म्हणालीस? "शेवट चुकला त्याचा."

"कोणाचा?"

"लिहिणाऱ्याचा. गिरजा जात नसते. गाव काय पाटलाच्या बापाचं आहे? जिंकली नं ती? मग जिंकलेल्या माणसानं कावून जावं? आता तर तिचं राज्य होतं! आता कोण तिले वाळीत टाकणार होतं?"

आणि तेव्हा कळलं मला तुझ्या नियमाचं कारण. लोकांना वाचायला लावायचं ते होतंच, पण त्याहून खरं कारण तू वैतागून सांगितलंस. "माझ्या तोंडानं मी तिले गाव सोडू देणार नाही. ज्याले तिले घालवायची त्यानं आपल्या डोळ्यानं घालवावी." म्हणजे तू वाचून दाखवलेल्या पुस्तकात गिरजा अजून तिथंच आहे! असली जिद्दी बाई मी पाहिली नाही. जी कादंबरी जगाला वाच वाच म्हणून हातात द्यायची, तिच्याच शेवटाशी वैर.

मी काही गप्प बसणारी नव्हते. मी म्हटलं, ज्यांनी विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्यांच्यात राहायचं? गरज पडली तेव्हा पागोटं हातात, गरज सरली की पुन्हा डोक्यावर. जाणारच ती, आणि तिनं बरोबरच केलं. तू म्हणालीस, "तुले भिलाईचा नळ भेटला म्हणून तू असं बोलते." तेही खरं होतं, मी नाकारत नाही. आमच्या गावानं मला दिलं काय होतं? एकोणिसाव्या वर्षी ट्रंक घेऊन दुर्गला उतरले, क्वार्टरमध्ये आले, नळ फिरवला आणि पाणी आलं. मी उभ्या उभ्या रडले होते. त्या दिवसापासून सोडून जाणाऱ्या बाईची बाजू मी घेतली ती आजतागायत सोडली नाही. तुझं उलट. तू दर उन्हाळ्यात आर्वीला जायचीस, भावजयांशी, सरपंचाशी, देवळाच्या पुजाऱ्याशी भांडून यायचीस आणि पुढच्या उन्हाळ्यात परत जायचीस.

किती वर्षं चाललं हे! पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, आपसात हिंदीत बोलायला लागली, देवरावभाऊंचे केस पांढरे झाले, आणि आपण दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी गिरजेवरून भांडतोच आहोत. लग्नाला जायचं म्हणून रायपूरच्या बसमध्ये बसलो होतो तो दिवस आठव. शेजारच्या सीटवर रायपूरची जुनी मराठी बाई. तिला वाटेत कुम्हारीला उतरायचं होतं, बहिणीकडे. तू तिला पुस्तक सांगायला लागलीस. बसमध्ये कोणी झोपलेलं नव्हतं, तेव्हा तुझा खरा आवाज ऐकला त्या बसनं! पंचायतीच्या प्रसंगाला तर कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचं थांबला. कुम्हारी आली आणि गेली. बाई रायपूरला उतरली, कपाळाला हात लावला आणि विचारते काय, "आगे क्या हुआ वो तो बताओ, बहनजी. सुईण गेली का पाटलाकडे?" तू म्हणालीस, "ते पुस्तकात वाचा." मेली हसत हसत परतीच्या बसमध्ये बसली बिचारी.

तुझा नियम तू एकदाच मोडलास, आणि मी तुला पकडलं. शेजारच्या रुआबांधा गावाहून भाजी घेऊन यायची ती फुलबाई. थंडीभर टोपली खाली ठेवून आपल्या वाचनाला बसायची. अर्धं समजायचं, अर्धं तू छत्तीसगढीत सांगायचीस, तीही कुजबुजत. तिला वाचता येत नव्हतं. एक दिवस मी मागच्या दारातून आले तर तू पायरीवर तिच्याजवळ बसलेली. त्या बाईचं पुढं काय झालं, तिनं विचारलं, "ओ बाई के का होइस?" आणि तू म्हणालीस, "ओ बाई गाँवेच म रिहिस." गावातच राहिली! शालू, पुस्तकात नाही ते तू तिला सांगितलंस! मी तिथंच बोंब मारली, तुझा माणूस झोपेतून उठला, माझा ताटावरून उठला, आणि लाइनीतली ती बहुतेक एकच दुपार असेल की आपण दोघी मोठ्यानं भांडलो. फुलबाई टोपली डोक्यावर घेऊन म्हणाली, "दूनों झन पगला गे हव." दोघी वेड्या झाल्यात म्हणे! आणि गेली. दुसऱ्या दिवशी पालकाची जुडी मात्र मला जास्त दिली.

मग दवाखाना. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तिथं तू तू नव्हतीसच. एक दिवस सोडून. त्या दिवशी जरा बरी होतीस, उशीला टेकून बसलेली. म्हणालीस, "शेवट परत एकदा वाच. माझ्यासाठी वाच. पाटलाकडे नको पाहू, दुसरीकडे पाह्य." मी म्हटलं, कुठं पाहू? तुला खोकला आला. मी म्हटलं, आधी बरी हो, मग भांडू. हे मी कशाला म्हटलं? तेव्हाच विचारून घ्यायचं होतं. मी डबा धुवायला नळावर गेले, आले तर तू झोपली होतीस. त्यानंतर बोलली नाहीस.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अस्थी शिवनाथ नदीवर न्यायच्या होत्या. दारात मडकं लाल फडक्यात बांधून ठेवलेलं. तुझी थोरली जाऊ, वत्सलाबाई, गावाहून आलेली. ती आतून ते पुस्तक घेऊन आली आणि मडक्यावर ठेवलं. "तिचा जीव होता यात. तिच्यासंगं जाऊ द्या." मायेनंच म्हणाली, खोटं कशाला बोलू. सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी पुढं झाले आणि पुस्तक उचललं.

"हे नाही जाणार," मी म्हटलं.

वत्सलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोण वो?"

"शेजारीण."

"मग शेजारणीसारखं राहा नं. घरच्या गोष्टीत कावून पडता?"

"राख नदीत जाते, पुस्तक नाही जात. मासे वाचतात का?"

बाप्पा, काय नजरा होत्या त्या! मयताच्या दारात भांडण. कोणी म्हणालं, जाऊ द्या हो, आताच कशाला. मी म्हटलं, आताच! पाण्यात गेल्यावर काय बोलू? पुस्तक मात्र सोडलं नाही. तू गेलीस तेव्हा मी काही करू शकले नाही. निदान हे तरी धरता येत होतं. देवरावभाऊ खाली मान घालून उभे होते. त्यांनी मान वर केली आणि वत्सलाबाईंना म्हणाले, "राहू द्या वहिनी. मी अर्धी झोप ते पुस्तक ऐकतच काढली. राहू द्या." आणि मडकं उचलून निघाले. शालू, त्यांना ऐकू येत होतं! आपल्याला वाटायचं, माणूस झोपला आहे.

पण वत्सलाबाईंनी ते मनात धरलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले. पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, तुम्ही हे वाचा. वाचून झाल्यावरही वाटलं की बुडवावं, तर मी स्वतः तुमच्यासोबत शिवनाथवर येते आणि माझ्या हातानं सोडते.

"काय आहे यात?"

"एक गाव आहे."

"गाव तर मी जन्मापासून पाहून राहिली. ते काय वाचायचं?"

"भिता काय?" मी म्हटलं. हे बोलणं शोभणारं नव्हतं, पण लागू पडलं. पुस्तक ओढून घेतलं त्यांनी.

मला धास्ती होती, लपवत नाही. शब्द दिला होता. त्यांनी दहा पानं वाचून 'बुडवा' म्हटलं असतं तर मला जावं लागलं असतं. मी रोज तुझ्या घरी चहा द्यायला जायचे तेव्हा चोरून पाहायचे. पुस्तक कुठपर्यंत उघडं आहे, चष्मा लावला आहे का. एक दिवस आतून शिव्या ऐकू आल्या. पाटलाला चालल्या होत्या. मी चहा दारात ठेवून परत आले, पाठीवरचं ओझं जरा कमी झालं.

आज सकाळी त्या आल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, उद्या त्यांची गाडी. पुस्तक काखेत. बसा म्हणून चहा ठेवला तर उभ्याच.

"ही गिरजा मले पटली नाही."

मी म्हटलं, काय नाही पटलं?

"गेली ते. पाटलाची सून सुटली, चांगलं झालं. अन् पुढच्या महिन्यात कुंभाराची पोरगी अडली तर? तिनं कोणाच्या दारात जावं? दुसरी सुईण हाय का त्या गावात?"

शालू, ऐकलंस ना? इतकी वर्षं आपण पाटलावरून आणि गिरजेवरून भांडलो. तिच्या मानावरून, तिच्या हक्कावरून. कुंभाराच्या पोरीचं नाव मी तरी कधी काढलं नाही. दुसरीकडे पाह्य म्हणालीस ते हेच होतं का? तू काढणार होतीस का ते नाव? आता कोणाला विचारू?

पण मी लगेच हार मानणारी नाही. मी म्हटलं, "मग वाळीत टाकणाऱ्यांची बाळंतपणं करत तिथंच मरावं तिनं?"

"मरावं कावून? पाय रोवून राहावं. आता तर तिचं राज्य होतं! आता कोण तिले वाळीत टाकणार होतं?"

तुझं वाक्य. जसंच्या तसं. ती बाई तुझ्या घरात सून म्हणून तुझ्या आधी आलेली, तुमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं म्हणे, आणि तुझं वाक्य तिच्या तोंडून. चहा उतू गेला. मला रडू कोसळलं, तर ती म्हणते, "रडून जिंकता येत नसते, बाई. बोला."

मग बोललो. दुपार झाली. तुझ्या घरात आणि माझ्या घरात कोणी झोपलेलं नाही आता, मोठ्यानं बोललो. पुस्तक बुडवायचं का, हे विचारायचं राहूनच गेलं. उठताना त्याच म्हणाल्या, उद्याची गाडी राहू देतो, आधी याचा निकाल लावू. आणि पुस्तक घेऊन गेल्या. शेवट पुन्हा वाचायचा आहे म्हणाल्या.

म्हणून ऐक. तू नाहीस आणि तुझ्या बाजूनं बोलायला तुझी जाऊ आहे, तरी मी हटत नाही. गिरजेनं बरोबरच केलं. ज्याला जायचं त्यानं जावं, दोरी सोडावी, मागं पाहू नये. इतकी वर्षं मी हेच म्हणत आले आणि उद्याही वत्सलाबाईंना हेच म्हणेन. पण त्या गेल्यावर मी मागच्या आंगणात बसले आणि तुझ्या दाराकडे पाहिलं, आणि मला गिरजेचा नाही, त्या मागं राहिलेल्या गावाचा जीव कळला. अख्खं गाव सकाळी उठलं असेल आणि तिचं दार उघडं पाहून उभं राहिलं असेल. ते पान कादंबरी लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही.

गिरजेचं मी बघून घेते. तू कावून गेली वो?